ऊब जमिनीतून घ्यावी का? कमी ऊर्जेच्या घरासाठी फ्लोअर हीटिंग निवडतानाच्या प्रकल्प नोंदी

१४ ऑक्टोबर २०२३

श्टुटगार्टपासून थोड्या अंतरावरील एका गावात आम्ही बांधत असलेल्या घराच्या तापनव्यवस्थेच्या नोंदी आजपासून वेगळ्या ठेवत आहे, कारण बांधकामाच्या इतर कागदांत हा विषय हरवून जातो आणि त्यातला निर्णय मात्र पुढची कित्येक दशके जमिनीत गाडलेला राहतो. घर लाकडी सांगाड्याचे व दोन मजली असून तळघर नाही. तापवायचे क्षेत्र १४० चौरस मीटर आहे. 'एफिझिएन्झहाउस ४०' ही पातळी गाठायची आहे. त्यासाठी तेवढ्याच आकाराच्या प्रमाण घराच्या तुलनेत प्राथमिक ऊर्जेची (इंधन मिळवण्यापासून घरात पोहोचेपर्यंत खर्च होणाऱ्या एकूण ऊर्जेची) गरज ४० टक्क्यांवर, आणि भिंती, छप्पर, खिडक्या व जमीन यांतून होणारी उष्णतेची गळती ५५ टक्क्यांवर आणावी लागते. केएफडब्ल्यू या सरकारी विकास बँकेचे सवलतीचे कर्ज याच पातळीवर अवलंबून आहे. गॅसची जोडणी घ्यायची नाही हे आमचे आधीच ठरले आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून लागू होणाऱ्या सुधारित इमारत-ऊर्जा कायद्याची दिशाही तीच आहे. उष्णता हीट पंपातून, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या मदतीने उचलून आत आणणाऱ्या यंत्रातून येणार हे नक्की. ती खोल्यांत कशी पोहोचवायची एवढे ठरवायचे आहे.

येथे नवे घर म्हटले की फ्लोअर हीटिंग, म्हणजे फरशीखालच्या नळ्यांत कोमट पाणी फिरवून खोली तापवणे, जवळजवळ गृहीतच धरले जाते. ओळखीच्या ज्या मराठी कुटुंबांनी या भागात घरे बांधली, त्यांतील बहुतेकांनी थंडीत पायाखाली ऊब मिळते हेच कारण सांगितले. कारण आकर्षक आहे, पण ते आमच्या घराला लागू पडेल का, हे घराला लागणाऱ्या उष्णतेचा आकडा हाती आल्याखेरीज सांगता येणार नाही. म्हणून आधी उष्णताभार (सर्वांत थंड वेळी घर उबदार ठेवायला लागणारी उष्णता) मोजायचा, मग पाण्याचे तापमान ठरवायचे आणि शेवटी नळ्या जमिनीत, भिंतीत की छतात याचा विचार करायचा, असा क्रम ऊर्जा सल्लागाराशी बोलून पक्का केला.

५ नोव्हेंबर २०२३

डीआयएन ईएन १२८३१ या मानकानुसार केलेली खोलीवार गणना आली. बाहेर उणे १२ अंश आणि आत २१ अंश सेल्सिअस धरल्यास संपूर्ण घराचा उष्णताभार ३.९ किलोवॅट भरतो, म्हणजे चौरस मीटरला सुमारे २८ वॅट. जुन्या, इन्सुलेशन नसलेल्या घरात हाच आकडा ८० ते १०० किंवा त्याहूनही अधिक असतो.

आता या २८ वॅटचा अर्थ जमिनीच्या भाषेत लावून पाहिला. तापलेली जमीन खोलीला किती उष्णता देते हे जमिनीचा पृष्ठभाग खोलीपेक्षा किती अंशांनी गरम आहे यावरून ठरते, आणि त्याचे सूत्र फ्लोअर हीटिंगच्या मानकात दिलेले आहे. ते सूत्र वापरले की २८ वॅटसाठी फक्त २.८ अंशांचा फरक पुरतो. वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीही आमची फरशी २३.८ अंशांवर राहील. बाहेर ३ अंश असलेल्या नेहमीच्या हिवाळी दिवशी भार निम्म्याच्या आसपास उतरतो आणि फरशी साधारण २२.६ अंशांवर येते. माणसाच्या तळपायाची त्वचा बहुधा यापेक्षा गरमच असते. याउलट चौरस मीटरला ८० वॅट लागणाऱ्या घरात फरशी २८ अंशांच्या पुढे न्यावी लागते, आणि राहत्या भागात २९ अंश ही मानकाने घातलेली कमाल मर्यादा आहे. म्हणजे पायाला जाणवणारी ऊब ही मुळात गळक्या घराची निशाणी आहे. घर जितके चांगले, तितकी फरशी कोमट. हे एकदा ध्यानात घेतले की 'गरम फरशी' हे कारण आमच्या यादीतून गळते आणि दुसरे कारण सापडले तरच पुढे जाण्यात अर्थ राहतो.

२६ नोव्हेंबर २०२३

नळ्यांचा खर्च पूर्णपणे टाळता येईल का, हे आज तपासले. पॅसिव्ह हाउसची मूळ कल्पना तीच आहे. डार्मश्टाट-क्रानिखश्टाइन येथे १९९०-९१ मध्ये उभ्या राहिलेल्या पहिल्या पॅसिव्ह हाउसपासून पुढे जी विचारसरणी रुजली, तिच्यानुसार घराचा उष्णताभार चौरस मीटरला १० वॅटपर्यंत खाली आणला की श्वासासाठी तशीही आत घ्यावी लागणारी ताजी हवा थोडी तापवून सोडणे पुरेसे होते. वेगळी तापनव्यवस्था लागत नाही. हवा मुळात उष्णतेची फारशी चांगली वाहक नव्हे आणि तिला साधारण ५० अंशांपलीकडे तापवले तर धूळ करपल्याचा वास येतो, म्हणून ती १० वॅटची मर्यादा.

आमच्या १४० चौरस मीटरला त्या हिशेबाने १.४ किलोवॅट मिळतील, आणि गरज ३.९ किलोवॅटची आहे. ही दरी भरून काढण्यासाठी भिंतीची जाडी, खिडक्यांचा दर्जा आणि मुख्य म्हणजे दक्षिणेकडून येणारे ऊन या तिन्हींची साथ लागते. आमच्या भूखंडाच्या दक्षिणेस टेकडीचा चढ असल्याने डिसेंबर-जानेवारीत सूर्य दुपारी थोडाच वेळ घरावर असतो. सल्लागाराने छपरात व भिंतीत आणखी इन्सुलेशन घालून गणना पुन्हा केली, तेव्हा भार चौरस मीटरला २० वॅटच्या आसपास येऊन थांबला. पुढचा प्रत्येक वॅट फार महाग पडत होता. दक्षिणेचे ऊन मोकळे असते, तर आम्ही पॅसिव्ह हाउसच निवडले असते आणि नळ्यांचे पैसे काचेत व इन्सुलेशनमध्ये घातले असते. ज्यांची जागा तशी आहे त्यांनी हा पर्याय आधी तपासावा, असे मला मनापासून वाटते.

१३ जानेवारी २०२४

सातारहून आई आली आहे. आज तिला घेऊन ट्युबिंगनच्या बाजूला राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाकडे गेलो. त्यांचे घर आमच्याच दर्जाचे असून त्यांनी फ्लोअर हीटिंग केलेले आहे. बाहेर उणे ६ अंश होते. दारात बूट काढले, आईने मोजेही काढले आणि दिवाणखान्यातल्या फरशीवर थोडा वेळ उभी राहून म्हणाली, "अरे, गरम कुठे आहे ही फरशी? गार लागत नाही एवढंच."

यजमानीणबाई म्हणाल्या, "काकू, तुम्ही आल्या आल्या स्वेटर काढून ठेवलात ना, तेवढंच तिचं काम."

आम्ही सोबत नेलेल्या इन्फ्रारेड तापमापकाने फरशी २३.१, खिडकीजवळची भिंत २०.४, तिपदरी काचेचा आतला पृष्ठभाग १८.६ अशी दिसली. हवेचे तापमान २१.५ होते. जमीन, भिंत आणि काच यांत एवढा थोडा फरक असला की शरीराला कोणत्याही एका बाजूने गारवा जाणवत नाही. त्या घरातला सुखदपणा इन्सुलेशनमधून आणि काचेतून आला होता, जमिनीने त्यात अखेरची थोडी भर घातली होती. मशीनच्या खोलीत जाऊन पाहिले, तेव्हा नळ्यांत जाणारे पाणी २९ अंशांवर होते. घराला ऊब देणारे ते पाणी हाताला गरमसुद्धा लागत नव्हते.

१० फेब्रुवारी २०२४

निर्णय झाला. दोन्ही मजल्यांवर फ्लोअर हीटिंग करायचे. पायाची ऊब यात कुठेच नाही, म्हणून निर्णयामागचे कारण तपशिलाने लिहून ठेवतो.

हीट पंप बाहेरच्या थंड हवेतून उष्णता उचलून वरच्या तापमानाला नेतो, आणि उचलण्याची उंची जितकी कमी तितकी वीज कमी लागते. पाण्याचे तापमान एका अंशाने उतरवले की साधारणपणे दोन ते अडीच टक्के वीज वाचते. जुन्या पद्धतीच्या रेडिएटरला ५५ अंशांचे पाणी लागते. मोठ्या आकाराचे नवे रेडिएटर ४० ते ४५ अंशांवर चालतात. आणि शंभरहून अधिक चौरस मीटर पसरलेली संपूर्ण जमीनच तापवायची असेल तर आमच्या घराला ३० अंश पुरतात. क्षेत्र प्रचंड मोठे असल्याने तापमान कमी ठेवता येते, एवढीच साधी गोष्ट आहे. हा फायदा कोणत्याही मोठ्या पृष्ठभागाला मिळतो, म्हणून छतातील नळ्यांचाही विचार झाला. त्या लवकर प्रतिसाद देतात आणि उन्हाळ्यात गारवा देण्यास जमिनीपेक्षा सरस असतात, परंतु आमच्या घराची लाकडी छते उघडी ठेवायची आहेत.

दुसरा गंभीर पर्याय भिंतीवरच्या स्प्लिट एसीचा होता. दोन चांगली यंत्रे तळमजला व वरचा मजला सांभाळू शकली असती आणि खर्च फ्लोअर हीटिंगच्या अगदी थोड्या हिश्शात भागला असता. ज्यांचे अंदाजपत्रक ताणलेले आहे त्यांनी या पर्यायाला कमी लेखू नये. आमच्याकडे तो दोन कारणांनी बाजूला पडला: दारे बंद असलेल्या झोपण्याच्या खोल्यांपर्यंत उष्णता पोहोचत नाही, आणि अंघोळीच्या गरम पाण्यासाठी वेगळे यंत्र घ्यावेच लागते.

फ्लोअर हीटिंगवर घेतला जाणारा नेहमीचा आक्षेप म्हणजे ते फार सावकाश चालते. तो खरा आहे. साडेसहा सेंटिमीटर जाडीच्या सिमेंटच्या कोब्याचे वजन चौरस मीटरला १३० किलोच्या घरात जाते आणि तो तापायला किंवा निवायला काही तास घेतो. दुपारी अचानक ऊन आले तर सकाळी तापवून ठेवलेली जमीन उष्णता देतच राहील आणि खोली उकडेल, अशी भीती असते. फरशी २८ अंशांवर असलेल्या घरात ती भीती रास्त आहे. आमची फरशी नेहमीच्या दिवशी २२.६ अंशांवर असेल. खोली उन्हाने २१ वरून २२ अंशांवर गेली की फरशी व हवा यांतला फरक १.६ वरून ०.६ वर येतो आणि जमिनीतून निघणारी उष्णता १५ वॅटवरून ५ वॅटवर घसरते. कोणत्याही थर्मोस्टॅटने काही करण्यापूर्वीच हे घडते. खोली २२.६ अंशांवर पोहोचली तर जमीन उष्णता देणे थांबवते आणि त्यापुढे स्वतःच उष्णता शोषू लागते. पाणी जितके कोमट तितका हा आपोआप आवर घालण्याचा गुण अधिक. लाकडी सांगाड्याच्या घराला स्वतःचे वजन फारसे नसते, म्हणून कोब्याचे वजन आम्हाला अडचण न वाटता आधार वाटले.

२ मार्च २०२४

नळ्यांच्या मांडणीचा आराखडा. ठेकेदाराच्या पहिल्या आराखड्यात नळ्यांमधील अंतर १५ सेंटिमीटर आणि पाणी ३५ अंशांचे होते, जे येथे सर्रास केले जाते आणि मानकाच्या दृष्टीने योग्यही आहे. आम्ही १० सेंटिमीटर मागितले. त्याने एका चौरस मीटरला साधारण १० मीटर नळी लागते आणि सामानाचा खर्च थोडा वाढतो, पण ती नळी एकदाच घालायची असते आणि पाण्याचे तापमान दर हिवाळ्यात कमी राहते. नळी १६ मिलिमीटर व्यासाची, ऑक्सिजन आत झिरपू न देणाऱ्या थराची; हा थर नसेल तर पाण्यात ऑक्सिजन मिसळून पंपाच्या व इतर लोखंडी भागांना गंज चढतो. प्रत्येक वेटोळे ८० मीटरच्या आत ठेवले, कारण लांबी वाढली की पाणी ढकलायला पंपाला अधिक जोर लागतो. दोन मजल्यांवर वेटोळ्यांना पाणी वाटून देणारे दोन मॅनिफोल्ड, मिळून १५ वेटोळी. स्वयंपाकघरातील कपाटांखाली आणि धान्य ठेवायच्या खोलीत नळी नाही.

झोपण्याच्या खोल्या इतरांपेक्षा थंड हव्यात अशी सर्वांची इच्छा असते. इतक्या चांगल्या इन्सुलेशनच्या घरात, त्यातही वायुवीजनाचे यंत्र जाणाऱ्या हवेतली उष्णता येणाऱ्या हवेला परत देत असताना, एक खोली शेजारच्या खोलीपेक्षा तीन-चार अंश थंड राहतच नाही. तेथे १५ सेंटिमीटर अंतर आणि कमी प्रवाह एवढे करून विषय सोडून दिला.

न्हाणीघराने मात्र बराच वेळ घेतला. तेथे २४ अंश हवेत, आणि टब व कपाट वजा जाता उघडी जमीन केवळ ४.६ चौरस मीटर उरते. त्या खोलीचा भार ३५० वॅट आहे. तेवढ्या जमिनीतून तो काढायचा तर चौरस मीटरला ७६ वॅट, म्हणजे नळ्या कितीही जवळ घातल्या तरी ३६-३७ अंशांचे पाणी. फरशी ३१ अंशांपर्यंत तापेल आणि न्हाणीघरासाठी मानक ३३ पर्यंत मुभा देते, तेव्हा हे बसते. परंतु एका छोट्या खोलीसाठी सगळ्या घराचे पाणी पाच अंशांनी चढवायचे आणि संपूर्ण हिवाळाभर दहा-बारा टक्के जास्त वीज भरायची, हे आम्हाला पटले नाही. उपाय असा काढला की टबाच्या मागील व शेजारील भिंतीत ४ चौरस मीटरचे वेटोळे प्लास्टरखाली घालायचे. क्षेत्र जवळपास दुप्पट झाल्याने ३२ अंशांचे पाणी पुरते. भिंतीत खिळा ठोकायचा असेल तर आता आराखडा पाहूनच ठोकावा लागेल. सकाळच्या अर्ध्या तासासाठी टॉवेल टांगायची विजेची छोटी चौकट लावायची.

२० एप्रिल २०२४

जमिनीवरचे आच्छादन. तळमजल्यावर फरशी, वर १५ मिलिमीटरचे ओकचे लाकूड, पूर्णपणे चिकटवलेले. आच्छादनाचा उष्णतारोध ०.१५ पेक्षा जास्त नसावा असा दंडक आहे. १० मिलिमीटरच्या फरशीचा तो ०.०१ च्या आसपास, तर या लाकडाचा ०.०८ च्या आसपास भरतो. आमच्या २८ वॅटला या फरकाची किंमत दोन अंश गरम पाणी एवढी आहे. चिकटवण्याऐवजी लाकूड नुसते पसरले तर खाली हवेची पातळ फट राहते आणि किंमत वाढते. बीच जातीचे लाकूड हवेतील ओलाव्याने बरेच फुगते-आक्रसते, म्हणून ते नाकारले. आईने आणलेली सोलापुरी सतरंजी पातळ विणीची असल्याने बिनदिक्कत घालता येईल. जाड लोकरीचा गालिचा मात्र मोठ्या क्षेत्रावर नको.

१५ जून २०२४

हाच हीट पंप उन्हाळ्यात उलटा चालवून नळ्यांत गार पाणी फिरवता येते. फरशी २० अंशांखाली नेऊ नये, कारण पायाला बोचते. त्याहून महत्त्वाचा असतो दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतला ओलावा पाणी होऊन पृष्ठभागावर साचतो ते तापमान. आत २६ अंश व ६० टक्के आर्द्रता असताना तो १७.६ अंशांवर असतो, म्हणून पाणी १९ अंशांखाली जाऊ द्यायचे नाही आणि मॅनिफोल्डवर दवाचा संवेदक बसवायचा. यातून एसीसारखा गारवा मिळणार नाही, पण खोल्या दोन-तीन अंशांनी उतरतील.

रत्नागिरीचे मामा फोनवर विचारत होते की असे काही त्यांच्या नव्या घरात करता येईल का. कोकणात पावसाळ्यात हवेचा दवबिंदूच २४-२५ अंशांवर असतो. तेथे काही न करता फरशीला घाम येतो, मग गार पाणी फिरवल्यावर ती ओलीच राहील. आधी हवेतला ओलावा वेगळ्या यंत्राने काढून मगच पृष्ठभाग गार करावा लागतो. इन्फोसिसने हैदराबादच्या इमारतीत अशीच व्यवस्था केली असून, अर्ध्या इमारतीत ती आणि अर्ध्या इमारतीत नेहमीचे वातानुकूलन ठेवून दोहोंची तुलनाही केली आहे. कार्यालयाला ते परवडते. कोकणातल्या राहत्या घराला छपराची सावली, वारा आणि पंखा यांवर खर्च करावा, असे मी मामांना सांगितले.

१७ सप्टेंबर २०२४

नळ्या टाकून झाल्या. सर्वांत खाली काँक्रीटच्या पायाखालचे १६ सेंटिमीटर इन्सुलेशन आणि पायावर आणखी ८ सेंटिमीटर; दोन्ही मिळून यू-मूल्य (उष्णता किती गळते याचे माप, जितके कमी तितके चांगले) ०.१४. तापवलेल्या जमिनीखाली हे कमी करू नये, कारण नळीच्या खालच्या बाजूचे तापमान खोलीपेक्षा नेहमीच जास्त असते आणि जी उष्णता मातीत गेली ती गेलीच. भिंतीच्या कडेने फेसाची पट्टी सर्वत्र लावली आहे. कोबा तापल्यावर प्रसरण पावतो, त्याला ती जागा देते, आणि पावलांचा आवाजही भिंतीत जाऊ देत नाही. कोब्याच्या पातळीच्या वर आलेली पट्टी फरशी बसल्यानंतरच कापायची असे सर्व कारागिरांना सांगून ठेवले, कारण आधी कापली की फटीत फरशीचा मसाला जाऊन बसतो. दाराच्या उंबरठ्यांवर प्रसरण-फटी ठेवल्या आहेत आणि तेथून जाणाऱ्या नळ्यांवर संरक्षक आवरण चढवले आहे.

पाणी भरून ६ बारची दाब-चाचणी घेतली. काटा हलला नाही. कोबा ओतेपर्यंत आणि ओतताना नळ्या दाबाखालीच ठेवायच्या, म्हणजे कुणाच्या फावड्याने नळीला धक्का लागला तर ते तत्काळ कळते. प्रत्येक खोलीची मोजपट्टी ठेवून छायाचित्रे घेतली. कोबा पडल्यानंतर नळ्या कुठून गेल्या याचा दुसरा कोणताही पुरावा उरणार नाही.

३० सप्टेंबर २०२४

कोबा ओतला. नळीच्या वर ४५ मिलिमीटर, एकूण जाडी ६५. खिडक्या बंद, उन्हापासून व वाऱ्यापासून संरक्षण. आता थांबायचे.

२६ ऑक्टोबर २०२४

सिमेंटचा कोबा २१ दिवसांच्या आत तापवायचा नसतो. ते दिवस उलटल्यावर या आठवड्यात तापनाला सुरुवात केली. पहिले तीन दिवस पाणी २५ अंशांवर ठेवले, मग हळूहळू चढवले. हे काम घरच्या हीट पंपाकडून करून घेतले नाही. उघड्या-ओल्या घरात त्याच्यावर आठवडेच्या आठवडे अतिरिक्त भार पडला असता. यासाठी भाड्याने मिळणारे विजेचे फिरते यंत्र आणले. ओलावा बाहेर काढण्यासाठी दिवसातून काही वेळा सर्व खिडक्या सताड उघडाव्या लागतात.

२३ नोव्हेंबर २०२४

ओलाव्याची चाचणी. ही चाचणी जवळून पाहण्यासारखी असते. कोब्यात आधीच खुणा करून ठेवलेल्या, नळ्या नसलेल्या जागी कारागिराने छिन्नीने खालच्या थरापर्यंत खोदून तुकडे काढले, ते खलात कुटले आणि ५० ग्रॅम पूड तोलून पोलादी बाटलीत घातली. तिच्यात पोलादी गोळ्या आणि कॅल्शियम कार्बाइडची काचेची कुपी टाकून झाकण घट्ट लावले व बाटली जोराने हलवली. कुपी फुटते, कार्बाइड पुडीतल्या पाण्याशी संयोग पावून ॲसिटिलीन वायू तयार होतो, आणि वायूच्या दाबावरून झाकणावरचा काटा ओलावा दाखवतो. तापवल्या जाणाऱ्या सिमेंट कोब्यासाठी येथे १.८ टक्के ही मर्यादा रूढ आहे. तळमजल्यावर १.६, वरच्या मजल्यावर मात्र २.१ आले. लाकूड बसवणाऱ्या कारागिराने वरच्या मजल्यावर हात लावायला नकार दिला, आणि त्याचे म्हणणे बरोबर आहे: ओल्या कोब्यावर चिकटवलेले ओक काही महिन्यांत कडांनी उचलते. वर तापन आणखी चालू ठेवायचे.

९ डिसेंबर २०२४

वरच्या मजल्यावर १.७. लाकडाचे काम सुरू.

१९ जानेवारी २०२५

राहायला आलो त्यानंतरची पहिली सविस्तर नोंद. ठेकेदाराने हीट पंप ३५ अंशांच्या नेहमीच्या वक्रावर (बाहेरच्या थंडीनुसार पाण्याचे तापमान ठरवणाऱ्या आलेखावर) लावून दिला होता. कायद्याने खोलीवार थर्मोस्टॅट आवश्यक आहेत, फक्त ६ चौरस मीटरपेक्षा लहान खोल्यांना फ्लोअर हीटिंगमध्ये सूट आहे. ३५ अंशांचे पाणी मिळताच खोल्या लवकर २१ वर पोहोचत, थर्मोस्टॅट एकेक वेटोळे बंद करत, पाण्याचा प्रवाह आक्रसे आणि पंप सारखा चालू-बंद होई. सर्वांत लहान आकाराचा हीट पंप घेऊनही तो २ किलोवॅटखाली उतरू शकत नाही, आणि बाहेर १० अंश असताना घराची गरज १.३ किलोवॅटच असते. म्हणून जास्तीची उष्णता साठवायला त्याला पूर्ण कोब्याचे वजन हाताशी हवे.

सर्व थर्मोस्टॅट २४ वर नेऊन उघडे ठेवले आणि मग पाण्याचे तापमान दर दोन-तीन दिवसांनी एकेका अंशाने उतरवत गेलो. जमीन सावकाश प्रतिसाद देते, म्हणून एका दिवसात निष्कर्ष काढता येत नाही. कोणती खोली जास्त आणि कोणती कमी तापते हे पाहून मॅनिफोल्डवरच्या पारदर्शक नळकांड्यांतील प्रवाह जुळवला: दिवाणखान्याच्या वेटोळ्यांना मिनिटाला १ लिटर, झोपण्याच्या खोल्यांना अर्धा, इतरांना ०.८. रात्री तापमान उतरवण्याची सोय बंद केली आहे. ज्या घरातून रात्रभरात जेमतेम अर्धा अंश जातो तेथे ती बचत नगण्य असते, आणि पहाटे, म्हणजे बाहेर सर्वांत थंडी असताना, पंपाला पाणी अधिक तापवावे लागते.

१६ फेब्रुवारी २०२५

उणे ६ अंशांच्या सकाळी जाणारे पाणी २८.५, परतीचे २५. तळमजल्याची फरशी २३.२, खोली २१.२. दुपारी टेकडीवरून ऊन आले तेव्हा दिवाणखाना २२.४ वर गेला, आणि त्या खोलीच्या वेटोळ्यातून परत येणारे पाणी जवळजवळ गेले तसेच परत येत होते. जमीन उष्णता द्यायची थांबली होती. थर्मोस्टॅटने काहीही बंद केले नव्हते. राहायला आल्यापासून केवळ तापनापुरते पाहिले तर एक युनिट विजेमागे ४.८ युनिट उष्णता मिळाली आहे. अंघोळीचे पाणी ४८ अंशांपर्यंत न्यावे लागते, त्यामुळे ते धरल्यास गुणोत्तर ४.१ वर येते.

न्हाणीघर भिंतीच्या वेटोळ्यासह २३.५ वर स्थिरावले आहे. टॉवेलची चौकट सकाळी साडेसहा ते सात एवढीच चालू ठेवली आहे. वक्र आणखी अर्ध्या अंशाने उतरवून वरच्या मजल्यावरची उत्तरेकडची खोली टिकते का, हे मार्चमध्ये पाहायचे. मे महिन्यापूर्वी दवाच्या संवेदकाची जोडणी तपासून घ्यायची आणि गार पाण्याची किमान मर्यादा १९ अंशांवर बांधून ठेवायची.